पुतळी माळ, मातीचं पदक आणि वडिलांची वही : घरच्या जुन्या वस्तू लिलावात नेण्याचं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे तपशील आणि काही आकडे बदलले आहेत. तेर हे गाव मात्र तसंच ठेवलं आहे. ते बदललं तर प्रकरणच उरत नाही.

पार्श्वभूमी

तीन भावंडं. थोरला साताऱ्यात, बँकेतून निवृत्त. मधली बहीण पुण्यात. धाकटा पंचवीस वर्षं न्यू जर्सीत. वडील शाळामास्तर होते आणि १९६४ ते १९७१ त्यांची नोकरी तेरला होती, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. आईच्या मागे गावचा वाडा रिकामा करताना, फेब्रुवारी २०२५ मध्ये, देवघरामागच्या फडताळात पत्र्याची एक पेटी निघाली.

पेटीत आजीची पुतळी माळ होती, घोड्यावरचा खंडोबा होता (पितळी, वीतभरसुद्धा नाही), चांदीत मढवलेलं एक वाघनख होतं आणि बिस्किटांच्या डब्यात कापसावर ठेवलेले मणी होते. मण्यांच्या खाली रुपयाएवढ्या दोन मातीच्या चकत्या, वर दोरा ओवायला भोक. सगळ्यात तळाशी शंभर पानी वही.

मी वस्तुसंग्रहालयात नोंदणीचं काम केलेला माणूस. बहिणीच्या ओळखीतून मला बोलावलं ते मार्चमध्ये. तोवर थोरला माळ घेऊन सराफाकडे जाऊन आला होता. सराफाने माळ तोलली, सत्तेचाळीस ग्रॅम भरली, दोन पुतळ्यांचा कस पाहिला आणि घट धरून पावणेचार लाख सांगितले. त्याच्या दृष्टीने हिशेब चोख होता. तो सोनं विकत घेत होता, माळ नव्हे.

पेटीची छाननी

माळेत एकतीस पुतळ्या. भिंग लावून एकेक पाहिली तेव्हा सव्वीस इथल्याच सोनारांनी घडवलेल्या निघाल्या, पातळ, अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. उरलेल्या पाच जाड होत्या आणि त्यांच्यावरची अक्षरं रोमन लिपीत चक्क वाचता येत होती. ती व्हेनिसची सोन्याची नाणी, म्हणजे डुकाट. एका बाजूला संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकून निशाण घेणारा डोज, म्हणजे व्हेनिसचा निवडून दिलेला प्रमुख. दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या लंबगोलात येशू. साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजन, सोनं जवळपास निखळ. या नाण्याचा साचा शतकानुशतकं बदलला नाही, त्यामुळे दर्यावरच्या व्यापारातून ते इकडे आलं तेव्हा लोकांनी डोळे मिटून घेतलं. त्याची नक्कल करून माळा ओवल्या गेल्या. आपली पुतळी ती हीच. संत आणि डोज या दोन आकृतींना या भावंडांची आत्या अजूनही राम-लक्ष्मण म्हणते.

साचा एकच असला तरी डोजचं नाव बदलतं, म्हणून काळ ठरवता येतो. पाचांपैकी दोन चौथ्या अल्विझे मोचेनिगोची (१७६३–१७७८), एक पाओलो रेनिएरचं (१७७९–१७८९) आणि दोन लुदोविको मानिनची. मानिन हा शेवटचा डोज. १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताकच संपवलं. म्हणजे सवाई माधवरावाच्या काळात व्हेनिसमध्ये पाडलेलं नाणं वाईजवळच्या एका आजीच्या गळ्यात होतं.

मातीच्या चकत्या पाहिल्यावर मी थोडा वेळ गप्पच बसलो. त्यांच्यावर एका बाजूला माणसाचा चेहरा होता, रोमन नाण्यावरच्यासारखा. सम्राट टायबेरियसच्या (इ.स. १४–३७) नाण्यांची अशी मातीतली नक्कल दख्खनमधल्या सातवाहनकालीन वसाहतींत सापडते, आणि तेर त्यातलं नावाजलेलं ठिकाण. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर जे तगर सांगितलं आहे, ते तेर मानलं जातं. ज्यांना सोन्याचं नाणं परवडत नव्हतं त्यांनी बहुधा मातीचं केलं आणि गळ्यात घातलं. सतराशे-अठराशे वर्षांनी पुतळीच्या बाबतीत आपण तेच केलं, फक्त सोन्यात. एकाच पेटीत दोन्ही निघावीत याचं मला आजही नवल वाटतं.

दुर्दैवाने मी पोचण्याआधी बहिणीने सगळं रिठ्याच्या पाण्यात धुतलं होतं. सोन्याला काही झालं नाही. एका चकतीच्या कडेचा टवका मात्र उडाला होता.

अडचण

वरवर प्रश्न एकच होता: चांगला भाव कुठे मिळेल? पण पेटीतल्या प्रत्येक वस्तूला वेगळा कायदा लागत होता आणि हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

१९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा १९७६ पासून लागू आहे. त्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणजे पुरावशेष. नाणीही आली, दागिनेही आले. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. देशात विकता येते, पण विक्रीचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. शिवाय दगड, माती, धातू, हस्तिदंत, लाकूड यांतल्या मूर्ती-शिल्पं आणि चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी मालकाने करायची असते, आणि नोंदणीत येणारी वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. दागिना आणि नाणं या सक्तीच्या यादीत नाहीत. म्हणजे माळेला नोंदणी नको, खंडोबाला हवी. पन्नास वर्षांत ती कुणी केली नव्हती.

वाघनखाचा प्रश्न सोपा होता, कारण त्याला पर्यायच नव्हता. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याची खरेदी-विक्री गुन्हा, आणि मालकीचा दाखला नसेल तर नुसतं जवळ बाळगणंही. मुलांच्या गळ्यात हौसेने वाघनख घालणाऱ्या कितीतरी घरांना हे माहीत नसतं. हे पान इथेच मिटतो: ते वनखात्याकडे लेखी अर्जासह दिलं.

राहिले मणी आणि चकत्या. त्यांचा प्रश्न वहीत होता.

समोरचे पर्याय

माळेबद्दल पहिल्या बैठकीत चार वाटा पुढे आल्या. सराफाकडे मोडणं. ओळखीच्या नाणे-व्यापाऱ्याला परस्पर देणं. मुंबईच्या परवानाधारक लिलावगृहात ठेवणं. आणि धाकट्याची चौथी, लंडन किंवा न्यू यॉर्क.

धाकट्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. २०२५ च्या एप्रिलअखेर लंडनच्या सदबीज या लिलावगृहाच्या लिलावात नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार निघाली होती आणि महाराष्ट्र सरकारने ती मिळवली होती. एकूण खर्च सत्तेचाळीस लाखांच्या घरात. फोनवर तो म्हणाला, “दादा, सरकार स्वतः तिकडे जाऊन खरेदी करतंय. मग आपण तिकडे विकलं तर बिघडलं कुठे? मी जूनमध्ये येतोच आहे. बायकोच्या गळ्यात घालून नेऊ.”

बिघडतं ते असं. तलवार आधीपासून देशाबाहेर होती. माळ इथे आहे. गळ्यात घालून विमानात बसणं हीसुद्धा निर्यातच, आणि त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद सांगितली आहे. शिवाय मोठी लिलावगृहं आता विचारतात की वस्तू मूळ देशातून कधी आणि कोणत्या कागदावर बाहेर पडली. लगेच मे महिन्यात हाँगकाँगला उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवाच्या बौद्ध स्तूपातली रत्नं लिलावाला लागली होती. ती १८९८ मध्ये उत्खननातून निघालेली, एका इंग्रज घराण्याकडे शंभरावर वर्षं राहिलेली. भारत सरकारने नोटीस धाडली, लिलाव थांबला आणि जुलैमध्ये रत्नं भारतात परतली. शंभर वर्षांचा ताबा असलेल्यांची ही गत, तर जूनमध्ये नेऊन सप्टेंबरात विकणाऱ्याला कोण उभं करणार? धाकट्याला कायद्यापेक्षा हे जास्त पटलं, असा माझा अंदाज. काही का असेना, चौथी वाट बंद झाली.

व्यापाऱ्याकडून वीस-पंचवीस टक्के जास्त मिळाले असते आणि काम एका दिवसात आटोपलं असतं. थोरल्याचा कल तिकडे होता. बहिणीला मात्र चारचौघांत ठरलेला भाव हवा होता, कारण उद्या भावकीत कुणी म्हणालं की स्वस्तात दिलं, तर दाखवायला कागद पाहिजे. लिलावाचा खरा उपयोग मला यात दिसतो. दर वेळी भाव जास्त मिळतो असं नाही, पण मिळालेला भाव कुणी लपवून ठेवू शकत नाही.

वहीचा प्रश्न

वही म्हणजे वडिलांची नोंदवही. पहिल्या दहा-बारा पानांवर घरातल्या दागिन्यांची यादी, त्यात “आईची पुतळी माळ, नग ३६” अशी ओळ. आत्याला विचारलं तेव्हा पाच पुतळ्या कुठे गेल्या तेही कळलं: १९६२ मध्ये तिच्याच धाकट्या भावाच्या कॉलेजच्या फीसाठी मोडल्या. आत्याकडे तिच्या आईचा एक फोटो निघाला, १९३८ चा, गळ्यात हीच माळ. लिलावासाठी याहून चांगला पुरावा शोधून सापडला नसता. वस्तू घरात केव्हापासून आहे हे खरेदीदाराला फोटोत दिसत होतं.

पण त्याच वहीच्या मागच्या पानांवर मण्यांचा हिशेब होता. तारीख, वार, मुलाचं नाव, जागा. “पांढरीवर पावसानंतर. लाल मणी ४, पांढरी रेघ असलेला १. दोन गोळ्या दिल्या.” मास्तर मुलांना लिमलेटच्या गोळ्या देऊन मणी गोळा करत होते. गावाबाहेरचं जुन्या वस्तीचं टेकाड म्हणजे पांढर. पाऊस झाला की माती वाहते आणि खालचं वर येतं. तेरमध्ये असं गोळा करणारे ते एकटे नव्हते. तिथलं सरकारी वस्तुसंग्रहालय ज्यांच्या नावाने आहे त्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर असंच जमवलं आणि पुढे ते सरकारच्या हवाली झालं. मास्तरांचं तेवढं करायचं राहून गेलं.

आता पेच असा. माळेची मालकी ज्या वहीने सिद्ध होते, तीच वही सांगते की मणी जमिनीतून आले आहेत. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असा १८७८ चा कायदा आहे. पावसाने उघडी पडलेली वस्तू दडलेली म्हणायची की नाही, यावर वकील दिवसभर बोलू शकतील. एक व्यापारी घरी येऊन मणी पाहून गेला. चकत्यांसकट सगळ्याचे त्याने पंचाहत्तर हजार सांगितले आणि जाता जाता म्हणाला, “वही नको. वहीशिवाय घेतो.”

थोरला म्हणाला, “मग वहीची मागची पानं दाखवायचीच कशाला? फोटो आहे, पुढची पानं आहेत. तेवढ्यावर माळ जाते.”

या प्रकरणातला खरा वळणाचा क्षण हाच, आणि माझ्या सल्ल्यापेक्षा बहिणीचं एक वाक्य तिथे कामी आलं. ती म्हणाली, “दादा, पानं फाडली तर बाबांनी सात वर्षं काय केलं तेच फाडलं जाईल.” मी एवढंच जोडलं की वहीशिवाय ते चौसष्ट सुटे मणी आहेत, कुठल्याही बाजारात मिळतात तसे. वहीसकट ते तेरच्या पांढरीच्या कुठल्या कडेला, कुठल्या पावसात वर आले ते सांगतात. व्यापाऱ्याला नकोसा होता तो भागच मोलाचा होता. थोरला दोन दिवस बोलला नाही, मग त्याने होकार कळवला.

काय केलं

मणी आणि चकत्या विकायच्या नाहीत असं ठरलं. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला पत्र लिहून, यादी आणि वहीच्या पानांच्या प्रती जोडून, त्या तेरच्या संग्रहालयासाठी दिल्या. खंडोबाचे चारही बाजूंनी फोटो काढून नोंदणीचा अर्ज केला, उशीर का झाला तेही त्यात लिहून टाकलं. माळेसाठी तिघा भावंडांच्या सह्या घेतल्या, आणि माळ मुळात आजीची म्हणून आत्याचीही ना-हरकत घेतली. आत्याची सही राहिली असती तर कुणाच्या लक्षात आलं नसतं, असं थोरला म्हणतो. लक्षात आणून देणारा एखादा चुलत भाऊ दर घरात असतो.

मग माझी चूक. माळ फोडायची नाही, अखंड एकच लॉट करायचा, म्हणजे सगळीवर मिळून एकच बोली, असा सल्ला मी दिला. माझा तर्क असा की एकतीस पुतळ्यांची, फोटोसकट घरंदाज माळ दागिन्यांच्या लिलावात उठून दिसेल. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, सहा लाख ठेवली. ऑगस्टच्या लिलावात बोली चार लाख वीस हजारांवर सुरू झाली, पाच लाख दहा हजारांवर थांबली आणि लॉट पास झाला, म्हणजे विकला गेला नाही.

कारण नंतर कळलं. दागिने घेणाऱ्यांना माळ साधी वाटली. ना हिरा, ना मीनाकारी. नाणी घेणारे त्या लिलावात बोली लावायला आलेच नव्हते, आणि आले असते तरी कड्या जोडलेलं नाणं त्यांना दुय्यम वाटतं. एकाच वस्तूचे दोन गिऱ्हाईक-वर्ग होते आणि मी दोघांच्या मधोमध माळ ठेवली. त्यात राखीव किंमत जड. खरेदीदाराला बोलीवर लिलावगृहाचा अधिभार आणि कर मिळून वीस टक्क्यांच्या आसपास भरावे लागतात. सहा लाख म्हणजे त्याला सव्वासात लाख, हे आम्ही बोललोच नव्हतो.

इकडे सोनं चढत होतं. एप्रिलमध्ये दहा ग्रॅमचा भाव प्रथमच लाखाला टेकला होता, दिवाळीत तो सव्वा लाखाच्या आसपास. जुनेपणाची किंमत आणि वजनाची किंमत यांतलं अंतर आटत चाललं. थोरल्याने सराफाचा विषय पुन्हा काढला आणि या वेळी माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं.

तोडगा पटवेकऱ्याने, म्हणजे दागिने ओवून देणाऱ्याने, सुचवला. तो म्हणाला, माळ गोफात ओवलेली आहे, पुतळ्या एकमेकींना कुठेही झाळून जोडलेल्या नाहीत. सोडवली तरी काही बिघडत नाही, पुन्हा ओवता येते. पाचपैकी तीन डुकाट काढून नाण्यांच्या लिलावात सुटे ठेवायचे आणि उरलेल्या अठ्ठावीस पुतळ्यांची माळ बहिणीने ठेवायची, भावांचा वाटा तिने त्या दिवसाच्या सोन्याच्या भावाने द्यायचा. कड्या काढून टाकाव्यात का, असं लिलावगृहाने विचारलं. आम्ही नाही म्हटलं. कडी काढली की कडेवर डाग राहतो, आणि दागिन्यातून आलेलं नाणं तसं सांगून विकणंच बरं.

निष्पत्ती

डिसेंबरच्या लिलावात तीनही नाणी गेली. राखीव किंमत या वेळी सोन्याच्या भावाला धरून ठेवली होती. मोचेनिगो अठ्ठ्याहत्तर हजार, रेनिएर चौसष्ट हजार, मानिन ब्याण्णव हजार. फरक डोजच्या नावामुळे पडला नाही, कडीच्या जागेमुळे पडला. रेनिएरच्या नाण्यावर सोनाराने कडी नेमकी संताच्या डोक्यावर जोडली होती, मानिनवर ती कडेलाच होती आणि नाणं झिजलेलंही कमी. एकूण दोन लाख चौतीस हजार. दहा टक्के दलाली आणि तिच्यावरचा कर वजा जाता हातात दोन लाख सहा हजार. तेवढ्याच वजनाच्या सोन्याच्या दीडपटीहून थोडं वर. त्यावर भांडवली नफ्याचा कर वेगळा. वस्तू २००१ पूर्वीची असल्याने १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं, त्यासाठी मूल्यांककाचा दाखला लागला.

दहा महिन्यांच्या खटपटीला हे पैसे पुरेसे होते का? थोरल्याचं उत्तर नाही असं आहे, आणि नुसत्या पैशाच्या हिशेबाने ते बरोबर आहे.

खंडोबाचा नोंदणीचा कागद उशिरा आला. तोवर त्याला विकायचा विषय मागे पडला होता. तो आता पुण्यात बहिणीच्या देवघरात आहे, दाखला कपाटात.

वेगळं काय करता आलं असतं

धुणं. पेटी उघडल्यावर पहिल्या तासात रिठ्याऐवजी मोबाईल हातात घेऊन फोटो काढले असते तर चकतीची कड शाबूत राहिली असती. कापसावर कुठली वस्तू कुठे होती तेही कळलं असतं. मास्तरांनी ती बहुधा जागांनुसार लावली होती, आणि तो क्रम आता गेला.

लिलावगृह निवडण्याआधी मी त्यांच्या मागच्या दोन-तीन लिलावांचे निकाल काढून पाहायला हवे होते: अशा माळा तिथे कोण घेतो, किती पास होतात. ते सहज मिळणारं होतं. जाणकार असल्याच्या भ्रमात मी ते केलं नाही. पास झालेला लॉट लोकांच्या लक्षात राहतो. डिसेंबरात माळ पुन्हा अखंड मांडली असती तर पाच लाखही कुणी बोलला नसता.

राखीव किंमत ठरवताना खरेदीदार शेवटी किती भरणार तो आकडा कागदावर मांडायला हवा होता. आणि आत्याकडे आम्ही जूनमध्ये गेलो ते सहीसाठी. मार्चमध्येच गप्पांसाठी गेलो असतो तर फोटो आणि छत्तिसांचा हिशेब आधी हाती आला असता.

एक गोष्ट अजून लोंबकळते आहे. संग्रहालयाला मण्यांसोबत वहीच्या प्रती दिल्या आहेत. त्यांना मूळ वही हवी आहे, आणि ते मागणं रास्त आहे. पण पुढच्या पानांवर घरचे दागिने आहेत, मागच्या पानांवर तेरची मुलं, आणि मधल्या एका पानाच्या पाठपोट दोन्ही. बहीण म्हणते द्यायची. थोरला, ज्याने एकदा पानं लपवायला सांगितली होती, तो आता म्हणतो की वही घरातून हलणार नाही.